मार्कडाउन नोंदीतलं छोटं चित्र क्लिक केल्यावर उघडत नाही? बिघाड कुठे आहे ते शोधू

मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरात काही चिन्हं घालून मांडणी सांगायची पद्धत. तिच्यात लिहिलेल्या नोंदीत छोटं चित्र दिसावं आणि त्यावर क्लिक केलं की मूळ मोठं चित्र, एखादं पान किंवा व्हिडिओ उघडावा, एवढीच मागणी असते. ती पुरी करणारी ओळही एकच आहे:

```
[![आराखडा](छोटं-चित्र)](मोठं-चित्र)
```

उद्गारचिन्हापासून पहिला गोल कंस बंद होईपर्यंतचा भाग म्हणजे चित्र. त्याच्याभोवतीचा चौकोनी कंस आणि शेवटचा गोल कंस मिळून लिंक. लिंकमध्ये जिथे एरवी शब्द लिहितो तिथे चित्र बसवलंय, बाकी काही नाही. (इथल्या सगळ्या नमुन्यांत फाइलींची नावं अशी मराठीत आणि एक्स्टेन्शनशिवाय दिली आहेत. तुमची खरी नावं एक्स्टेन्शनसकट त्या जागी टाका.)

तरीही हा प्रश्न पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. काल नीट चालणारी नोंद आज दुसऱ्या ॲपमध्ये उघडली की चित्राच्या जागी तुटकी खूण येते, किंवा चित्र दिसतं पण क्लिकला दाद देत नाही. ओळ एकच असली तरी ती वाचणारे प्रोग्राम वेगवेगळे, हे त्याचं कारण. जॉन ग्रूबरने २००४ मध्ये मार्कडाउन जाहीर केलं तेव्हा त्याचे नियम साध्या गद्यात लिहिलेले होते आणि आडबाजूच्या बऱ्याच शक्यतांचा निकाल त्यात लागलेला नव्हता. ज्याने त्याने तो आपापल्या परीने लावला. २०१४ मध्ये कॉमनमार्क हे मार्कडाउनचं काटेकोर नियमपत्रक आलं आणि नेमके नियम, शेकडो उदाहरणांसकट, हाताशी आले. त्यामुळे कंस कसे वाचायचे याबद्दल आता बहुतेक ॲपांचं एकमत असतं. पण कंसातला पत्ता कुठून मोजायचा आणि ती फाइल कुठे शोधायची, यावर कॉमनमार्क गप्प आहे. तो निर्णय त्या त्या ॲपचा. म्हणून लोक कंस मोजत बसतात आणि दुखणं असतं पत्त्यात, असं बहुतेक वेळा होतं.

आधी डोळ्यांना काय दिसतंय ते बघा

काहीही बदलायच्या आधी लक्षण नीट पाहून घ्या. त्यावरून निम्मा शोध संपतो.

मजकुरात कंस आणि उद्गारचिन्ह जसंच्या तसं उमटलं असेल, तर ॲपला ती लिंक वाटलेलीच नाही. चूक लिहिण्यात आहे. तुटक्या चित्राची खूण आणि शेजारी ‘आराखडा’ असा पर्यायी मजकूर (आतल्या चौकोनी कंसातले, चित्राऐवजी येणारे शब्द) दिसत असेल, तर लिहिणं बरोबर आहे आणि आतला पत्ता चुकला आहे. चित्र व्यवस्थित दिसतंय, क्लिक होतंय, पण पुढे ‘सापडलं नाही’ येतंय, तर बाहेरचा पत्ता चुकला. आणि चित्र दिसतंय पण क्लिकला काहीच होत नाही, तर एक तर उद्गारचिन्हाची जागा चुकली आहे किंवा तुम्ही संपादनाच्या अवस्थेत आहात.

तरीही ठरत नसेल तर ती ओळ दोन तुकड्यांत मोडून बघा:

```
![आराखडा](छोटं-चित्र)

[उघडून बघा](मोठं-चित्र)
```

वरचा तुकडा चालत नसेल तर बाहेरच्या लिंकला हात लावण्यात अर्थ नाही. दोन्ही सुटे चालतात आणि एकत्र केल्यावर बिघडतात, असं क्वचित होतं. झालंच तर मात्र दोष नक्की कंसांच्या रचनेत असतो. हा एक मिनिटाचा उद्योग टाळून लोक थेट सेटिंगांत शिरतात आणि नको ती उलथापालथ करून ठेवतात.

लिहिण्यातल्या चुका

सगळ्यात फसवी चूक ही:

```
![[आराखडा](छोटं-चित्र)](मोठं-चित्र)
```

उद्गारचिन्ह एका कंसाने बाहेर सरकलं, बस्स. पण कॉमनमार्कच्या नियमांनी ही ओळ वैध आहे. तिचा अर्थ होतो: मोठं चित्र दाखवा आणि त्याचा पर्यायी मजकूर ‘आराखडा’ असा घ्या. छोटं चित्र आणि लिंक दोन्ही गायब. त्यामुळे पडद्यावर चित्र येतं, तेही भलंमोठं, आणि क्लिक होत नाही. मग माणूस आकार कमी करायच्या मागे लागतो. छोट्याऐवजी मोठंच चित्र दिसत असेल तर आधी उद्गारचिन्ह बघा. ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या ॲपमध्ये याच चुकीचं वेगळं रूप दिसू शकतं, कारण तिथे उद्गारचिन्हापुढच्या दोन चौकोनी कंसांना त्यांचा स्वतःचा अर्थ आहे.

दुसरी चूक मोकळ्या जागेची. चौकोनी कंस बंद झाल्यावर लगेच गोल कंस उघडला पाहिजे, मध्ये एकही स्पेस नको. ओळ लांब झाली म्हणून तिथे एंटर मारला तरी लिंक मोडते.

तिसरी चूक शीर्षकाच्या अवतरणचिन्हांची. पत्त्यानंतर अवतरणात शीर्षक देता येतं आणि माउस वर नेला की ते दिसतं. पण ही अवतरणचिन्हं सरळ हवीत. फोनवर टाइप करताना किंवा वर्ड प्रोसेसरमधून मजकूर आणताना ती आपोआप वळणदार होतात. वळणदार चिन्हं मार्कडाउनला शीर्षकाची खूण म्हणून चालत नाहीत. पत्त्यानंतर स्पेस, त्यापुढे काहीतरी अनोळखी, असं दिसल्यावर ते सगळी लिंकच नाकारतं. डोळ्यांना फरक जवळजवळ कळत नाही. शंका आली की शीर्षक पूर्ण काढून टाका आणि पुन्हा बघा.

लिंकच्या आत लिंक चालत नाही, चित्र चालतं. चित्राशेजारी त्याच कंसात चित्राची ओळख सांगणारं वाक्य लिहिलं आणि त्या वाक्यातही एखादी लिंक असली, तर आतली लिंक टिकते आणि बाहेरची साध्या कंसांच्या रूपात उघडी पडते.

समासाचंही भान ठेवा. चार किंवा जास्त स्पेस सोडून ओळ सुरू केली की मार्कडाउन तिला कोड समजतं आणि जशीच्या तशी छापतं. यादीतल्या मुद्द्याखाली चित्र घालताना हे नेहमी होतं. तिथे समास त्या मुद्द्याच्या मजकुराशी जुळवावा लागतो, म्हणजे ‘१.’ नंतरचा मजकूर जिथे सुरू होतो त्याच रेषेत चित्राची ओळ.

चित्र मधोमध आणायला बरेच जण ते ‘डिव’ या एचटीएमएल (वेबपानाच्या मांडणीची भाषा) टॅगमध्ये गुंडाळतात. टॅगच्या लगेच खालच्या ओळीवर मार्कडाउन लिहिलं तर ते वाचलंच जात नाही, कारण कॉमनमार्कमध्ये असा एचटीएमएल ठोकळा रिकामी ओळ येईपर्यंत चालू राहतो. टॅगनंतर एक रिकामी ओळ सोडा, काम होतं. ह्युगो या नोंदींपासून साइट बनवणाऱ्या साधनावर साइट बांधत असाल तर तिथली गोष्ट वेगळी. आवृत्ती ०.६० पासून ते नोंदीतलं कच्चं एचटीएमएल मुळातच वगळतं, आणि ते चालू करायला सेटिंगमध्ये ‘अनसेफ’ला होकार द्यावा लागतो.

पत्ते लांबलचक असतील तर ही मांडणी वापरा. मला तरी हीच सगळ्यात बरी वाटते:

```
[![आराखडा][लहान]][मूळ]

[लहान]: छोटं-चित्र
[मूळ]: मोठं-चित्र
```

वरची ओळ वाचता येते, कंस चुकण्याची शक्यता कमी होते, आणि पत्ते एकत्र खाली असल्याने दुरुस्तीही एका जागी होते. अट एकच: पत्त्यांच्या ओळी परिच्छेदाला चिकटवू नका, आधी एक रिकामी ओळ हवीच. नाहीतर त्या परिच्छेदाचाच भाग समजल्या जातात.

पत्ता: खरं दुखणं इथे

पहिला प्रश्न विचारायचा तो असा की हा पत्ता कुठून मोजला जातोय. नोंद ज्या फोल्डरमध्ये आहे तिथून, संपूर्ण संग्रहाच्या मुळापासून, की साइटच्या डोमेनपासून? सुरुवातीला तिरपी रेघ नसलेला पत्ता बहुतेक ठिकाणी नोंदीच्या फोल्डरपासून मोजतात. तिरप्या रेघेने सुरू होणारा पत्ता मात्र ठिकाण बदललं की अर्थ बदलतो. व्हीएस कोड या कोड लिहायच्या संपादकाच्या प्रीव्ह्यूमध्ये तो उघडलेल्या वर्कस्पेसच्या (कामाच्या फोल्डरच्या) मुळापासून मोजला जातो. तीच नोंद साइटवर चढवली की तो डोमेनच्या मुळापासून मोजला जातो. गिटहब या कोड आणि फाइली ठेवायच्या साइटच्या ‘पेजेस’ सोयीवर प्रकल्पाची साइट डोमेनखालच्या उपफोल्डरमध्ये राहते, म्हणून तिथे असे पत्ते हमखास हुकतात.

साइट बनवणाऱ्या साधनांचा आणखी एक डाव असतो. नोंदीच्या फाइलचं ते फोल्डर करून टाकतात, म्हणजे पानाचा पत्ता सुटसुटीत दिसावा. त्यामुळे प्रकाशित पान मूळ नोंदीपेक्षा एक पायरी खोल जातं आणि ‘शेजारच्या चित्रे फोल्डरमध्ये बघ’ हा पत्ता चुकतो. एमकेडॉक्स हे असंच एक साधन ही अडचण ओळखून मार्कडाउनमधले पत्ते आपणहून सुधारून देतं, पण हाताने लिहिलेल्या एचटीएमएल टॅगमधल्या पत्त्यांना हात लावत नाही. एकाच नोंदीत मार्कडाउनने घातलेली चित्रं दिसतात आणि रुंदी ठरवायला टॅगने घातलेली दिसत नाहीत, या कोड्याचं उत्तर अनेकदा हेच असतं.

ऑब्सिडियन वापरणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर. तिथे नवीन लिंक तयार होताना पत्ता शक्य तितका आखूड ठेवायची मूळ सेटिंग असते. फाइलचं नाव संपूर्ण संग्रहात एकमेव असेल तर फक्त नावच लिहिलं जातं, फोल्डर नाही. ऑब्सिडियन ती फाइल बरोबर हुडकून काढतं, कारण त्याच्याकडे सगळ्या संग्रहाची सूची असते. दुसऱ्या कुठल्याही ॲपकडे ती नसते. ते बिचारं नोंदीच्याच फोल्डरमध्ये शोधतं आणि हात हलवत परत येतं. नोंदी बाहेर कुठेही वाचायच्या असतील तर फाइल्स अँड लिंक्स या सेटिंगमध्ये जाऊन विकीलिंक (दोन चौकोनी कंसांत लिहायची लिंक) बंद करा आणि नवीन लिंकसाठी ‘नोंदीच्या फाइलपासूनचा सापेक्ष मार्ग’ हा पर्याय निवडा. दोन्ही करा, एकाने भागत नाही.

जॉप्लिन या नोंदींच्या दुसऱ्या ॲपमध्ये चित्राचा पत्ता म्हणजे कोलन, तिरपी रेघ आणि ३२ अंक-अक्षरांची ओळख असते. क्लिक होणारं चित्र तिथेही याच ओळीने होतं, फक्त दोन्ही कंसांत अशा ओळखी येतात. मात्र ती ओळ कॉपी करून दुसऱ्या ॲपमध्ये चिकटवली तर ती ओळख तिथे कुणालाच ठाऊक नसते. जॉप्लिनमधून नोंदी न्यायच्या तर मार्कडाउन म्हणून निर्यात करून न्या. चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये येतात आणि पत्तेही त्यानुसार बदलून मिळतात.

आता ‘माझ्या संगणकावर चालतं, सर्व्हरवर नाही’ ही तक्रार. सर्वात आधी फाइलनावातली कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं तपासा. विंडोज आणि मॅक मूळ सेटिंगमध्ये हा फरक मानत नाहीत, लिनक्स मानतं, आणि बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात. कॅमेरे एक्स्टेन्शन कॅपिटलमध्ये देतात, आपण सवयीने स्मॉलमध्ये लिहितो, घरी सगळं छान दिसतं. गिटमध्ये, म्हणजे फाइलींतले बदल नोंदवून ठेवणाऱ्या साधनात, यावर आणखी एक गाठ बसते: फक्त अक्षरांचा आकार बदलून नाव दुरुस्त केलं तर विंडोज किंवा मॅकवर गिटला तो बदल जाणवतच नाही असं होऊ शकतं. तेव्हा दोन पायऱ्या करा. आधी काहीतरी भलतंच नाव द्या, नोंदवा, मग हवं ते नाव द्या.

नावातली मोकळी जागा हाही नेहमीचा अपराधी. साध्या पत्त्यात स्पेस चालत नाही. एक तर पूर्ण पत्ता कोनी कंसात, म्हणजे ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठं’ या चिन्हांमध्ये घाला, नाहीतर प्रत्येक स्पेसच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला जोडून २० लिहा. एकच चित्र दोनदा डाउनलोड केलं की ब्राउझर नावापुढे स्पेस आणि कंसात आकडा लावतो. लोकांना वाटतं कंसाने घोळ केला. पण जोडीने आलेले गोल कंस कॉमनमार्कला चालतात, घोळ त्यांच्याआधीच्या स्पेसने केलेला असतो. एकटा पडलेला कंस मात्र खरोखरच लिंक तोडतो.

विंडोजमधून पत्ता कॉपी केला की त्यात उलट्या तिरप्या रेघा येतात. मार्कडाउनमध्ये उलटी रेघ म्हणजे ‘पुढचं चिन्ह साधं समज’ अशी सूचना. त्या सगळ्या सरळ तिरप्या रेघांत बदला. आणि ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता नोंदीत कधीच ठेवू नका. तो फक्त त्याच यंत्रावर खरा असतो. वेबवरच्या पानाला तुमच्या डिस्कवरची फाइल ब्राउझर दाखवूच देत नाही.

मराठी फाइलनावं

हा भाग इंग्रजी मदतपानांत सापडत नाही, म्हणून जरा सावकाश.

देवनागरी नावं चालतात. पत्त्यात ती टक्क्याच्या चिन्हांच्या लांब माळेसारखी दिसू लागली तर घाबरू नका. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं आणि प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. ‘आराखडा’ या नावात काने धरून सहा चिन्हं आहेत, त्यांची ५४ होतात. पत्ता बेढब होतो, पण खोटा नसतो.

अडचण येते ती दिसायला सारखी पण आतून वेगळी असलेल्या अक्षरांनी. ‘ॲ’ घ्या. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत त्याला स्वतःचं एक चिन्ह आहे. काही कीबोर्ड मात्र ‘अ’ आणि त्यावर चंद्र अशी दोन चिन्हं जोडून ते उमटवतात. पडद्यावर तंतोतंत तेच अक्षर, पण संगणकाच्या लेखी दोन वेगळी नावं. युनिकोडच्या प्रमाणीकरणातही (सारखी रूपं एक करण्याच्या नियमांतही) ही दोन रूपं एक मानली जात नाहीत. फाइलला नाव संगणकावर दिलं आणि नोंदीतला पत्ता फोनवर टाइप केला, की ‘ॲप’ नावाचं चित्र समोर असूनही सापडत नाही.

‘दऱ्या’, ‘वाऱ्या’ या शब्दांतला अर्धा र याहून अवघड. तो ‘ऱ’ या एका चिन्हापासून तयार होतो, र आणि खालचा ठिपका (नुक्ता) अशा जोडीपासूनही होतो, आणि साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्या मार्गानेही होतो. पहिली दोन रूपं युनिकोड समान मानतं, तिसरं नाही. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल पद्धत नावं साठवताना अशी अक्षरं आपणहून सुटी करून ठेवायची. लिनक्स नावं बाइट-बाइट ताडून पाहतं. म्हणजे मॅकवरून लिनक्सवर गेलेल्या फाइलचं नाव वाचायला तेच, पण जुळत नाही.

ओळखायचं कसं? पत्ता पुन्हा टाइप करू नका. फाइल व्यवस्थापकातून नाव कॉपी करा आणि नोंदीत चिकटवा. तेवढ्याने चित्र दिसायला लागलं तर रोग हाच होता. कायमचा इलाज मात्र रुक्ष आहे: चित्रांच्या फाइलींना रोमन स्मॉल अक्षरं, आकडे आणि जोडरेघ एवढ्यातच नावं द्या. मराठीची हौस पर्यायी मजकुरात भागवा, तिथे कुठलंच बंधन नाही.

नेटवरची चित्रं

ब्राउझरमध्ये पत्ता उघडला की चित्र दिसतं, पण नोंदीत नाही, याचं पहिलं कारण असं की तो पत्ता चित्राचा नसतोच. तो चित्र दाखवणाऱ्या पानाचा असतो. क्लाउड ड्राइव्हमधली शेअर लिंक अशीच असते. गिटहबवर फाइल उघडली की वरच्या पट्टीत दिसणारा पत्ताही पानाचाच. तिथे ‘रॉ’ बटणामागचा पत्ता घ्या. खात्री करायची तर चित्रावर उजवं क्लिक करून ते नवीन टॅबमध्ये उघडा. टॅबमध्ये नुसतं चित्र आलं, आजूबाजूला बटणं-मेन्यू काही नाही, तर तोच पत्ता आतल्या कंसात टाका. बाहेरच्या कंसात पानाचा पत्ता चालतो, किंबहुना तिथे तोच शोभतो.

काही साइटी आपली चित्रं दुसऱ्यांच्या पानांवर दाखवू देत नाहीत. विनंती कुठून आली ते पाहून नकार देतात. यावर युक्त्या शोधत बसू नका. परवानगी असेल तर छोटी प्रत स्वतःकडे ठेवा, नसेल तर साधी शब्दांची लिंक द्या.

व्हीएस कोडचा प्रीव्ह्यू मूळ सेटिंगमध्ये असुरक्षित, म्हणजे एचटीटीपीवरची चित्रं अडवतो. पत्त्यात एस वाढवून चालतंय का बघा. सुरक्षा सैल करण्यापेक्षा ते बरं.

गिटहबवर चित्र बदललं तरी जुनंच दिसत राहतं, कारण बाहेरची चित्रं ते स्वतःच्या कॅमो नावाच्या मध्यस्थामार्फत आणून जपून ठेवतं. नवीन चित्राला नवीन फाइलनाव दिलं की प्रश्न मिटतो.

व्हिडिओ हा याचाच एक उपयोग. मार्कडाउनमध्ये व्हिडिओ बसवायची स्वतःची सोय नाही, म्हणून आतल्या कंसात व्हिडिओचं मुखचित्र आणि बाहेरच्या कंसात व्हिडिओचा पत्ता देतात. यूट्यूब प्रत्येक व्हिडिओची मुखचित्रं ठरावीक नावांनी ठेवतं. ‘मॅक्सरेसडिफॉल्ट’ हे १२८० बाय ७२० चं चित्र छान दिसतं, पण ते प्रत्येक व्हिडिओला नसतं. नसेल तिथे करड्या रंगाचं चिमुकलं चित्र हाती येतं. तेव्हा ‘एचक्यूडिफॉल्ट’ वापरा. ४८० बाय ३६० चं असल्याने रुंद व्हिडिओला वरखाली काळ्या पट्ट्या येतात, पण निदान चित्र हजर असतं.

चित्र दिसतं, क्लिक लागत नाही

संपादनाच्या अवस्थेत बहुतेक ॲपांमध्ये क्लिक म्हणजे कर्सर ठेवणं. कंट्रोल, मॅकवर कमांड, दाबून क्लिक करा किंवा वाचनाच्या अवस्थेत जा. ‘लिंक चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काही जणांचा प्रश्न इथेच सुटतो.

उलटा प्रकारही होतो. गिटहब नुसत्या चित्रालाही आपणहून लिंक लावतं, क्लिक केलं की तेच चित्र उघडतं. त्यामुळे तुमची बाहेरची लिंक बिघडलेली असूनही क्लिक ‘चालतंय’ असं वाटतं. उघडलेला पत्ता तुमच्या बाहेरच्या कंसातलाच आहे ना, ते बघा.

लिंक नव्या टॅबमध्ये उघडायची सोय मूळ मार्कडाउनमध्ये नाही. एचटीएमएल टॅगमध्ये ‘टार्गेट’ लिहिलं तरी गिटहब ते काढून टाकतं. ज्याला हवं तो मधलं बटण वापरेल.

पॅनडॉक या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या साधनाने दस्तऐवज बनवत असाल तर एक बारीक फरक लक्षात घ्या. परिच्छेदात एकटं असलेलं चित्र पॅनडॉक आकृती समजतं आणि पर्यायी मजकूर खाली चित्राच्या ओळखीसारखा (कॅप्शन) छापतं. तेच चित्र लिंकमध्ये गुंडाळलं की ती आकृती राहत नाही आणि ओळख नाहीशी होते. हा बिघाड नव्हे. ओळखीची ओळ खाली वेगळी लिहा.

आकार

मार्कडाउनमध्ये चित्राचा आकार सांगायला जागाच नाही, म्हणून प्रत्येकाने आपली वाट काढली. ऑब्सिडियनमध्ये पर्यायी मजकुरानंतर उभी रेघ आणि रुंदी:

```
[![आराखडा|३००](छोटं-चित्र)](मोठं-चित्र)
```

(आकडा प्रत्यक्षात इंग्रजी अंकांत लिहा.) हेच तक्त्याच्या चौकटीत लिहिलं तर उभी रेघ चौकट तोडते. तिच्याआधी उलटी तिरपी रेघ लावायची. इतर ॲपांत ती रेघ आणि आकडा पर्यायी मजकुराचाच भाग म्हणून राहतात, नुकसान काही नाही. गिटहबवर इमेज टॅगमधली रुंदी चालते, स्टाइल मात्र काढली जाते.

पण रुंदी कमी लिहिल्याने फाइल लहान होत नाही, फक्त दिसणं लहान होतं. ४००० बाय ३००० चा फोटो उलगडला की दर पिक्सेलला चार बाइट धरून सुमारे ४८ एमबी मेमरी घेतो, मग तो पडद्यावर तीनशे पिक्सेलचा का दिसेना. अशा दहा चित्रांची नोंद फोनवर सरकताना अडखळते आणि लोक ॲपला दोष देतात. छोटं चित्र खरोखर छोटं करून ठेवा. इमेजमॅजिक या चित्रं बदलायच्या साधनाने ढिगाने करता येतात, फक्त दोन गोष्टी सांभाळा. त्याची ‘मॉग्रिफाय’ आज्ञा मूळ फाइलीच बदलते, म्हणून निकालासाठी वेगळा फोल्डर सांगा. आणि ‘ऑटो-ओरिएंट’ लावायला विसरू नका. फोन बहुधा फोटो आडवाच साठवतो आणि ‘फिरवून दाखव’ अशी नोंद आत ठेवतो. छोटी प्रत बनवताना ती नोंद पुसली गेली की छोटं चित्र आडवं आणि मोठं उभं, अशी विजोड जोडी तयार होते.

आयफोनचे हेइक प्रकारच्या फाइलींतले फोटो हा वेगळा विषय. सफारीत ते दिसतात, बाकीच्या बहुतेक ब्राउझरांत नाहीत. दोन्ही प्रती जेपेग करून घ्या.

पर्यायी मजकूर रिकामा ठेवू नका. लिंकमध्ये चित्राखेरीज काही नसेल तर तोच मजकूर लिंकचं नाव ठरतो. तो नसेल तर पडदा-वाचक (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणाऱ्याला फाइलचा पत्ता ऐकावा लागू शकतो. ‘चित्र १’ असं लिहिण्यापेक्षा क्लिक केल्यावर काय मिळेल ते लिहा: ‘आराखडा, पूर्ण आकारात’.

जुन्या नोंदी दुरुस्त करताना

ऑब्सिडियनमधली लिंकची सेटिंग बदलली तरी ती नव्या लिंकांना लागू होते. जुन्या जशाच्या तशा राहतात. संपूर्ण संग्रहात ‘उद्गारचिन्ह आणि दोन चौकोनी कंस’ असा शोध घेतला की विकी पद्धतीने घातलेली सगळी चित्रं समोर येतात, आणि वर सांगितलेली सरकलेल्या उद्गारचिन्हाची चूकही त्याच जाळ्यात सापडते. बदल करण्यापूर्वी पूर्ण फोल्डरची प्रत काढा. फाइलींची नावं बदलायची असतील तर ती ॲपच्या आतूनच बदला, म्हणजे त्यांच्याकडे जाणारे पत्तेही ॲप सुधारतं. बाहेर फाइल व्यवस्थापकात नाव बदललं तर नोंदींना त्याचा पत्ता लागत नाही. आणि इमेज टॅगने हाताने घातलेले पत्ते ॲपच्या भरवशावर सोडू नका. ते शोधून एकेक करून बदला.